दारात सापडला हात

हमीदा, तुझ्या हातातल्या बांगड्या मीच काढल्या. एकही फुटू दिली नाही. हे आधी सांगते, कारण तू असतीस तर हेच आधी विचारलं असतंस.

शेवटच्या आंघोळीआधी अंगावरचं सगळं उतरवावं लागतं. कानातलं निघालं, पायातलं निघालं, बांगड्या काही निघेनात. किडनीच्या दुखण्यानं तुझे हात असे सुजलेले, की हिरवी काच मांसात रुतून बसलेली. बाहेरून गडीमाणसांची घाई, "उरका गं, नमाजाची वेळ व्हायली." तुझी नणंद खलबत्त्यातला बत्ता घेऊन आली. "फोडून टाकू. अब क्या रहा?" म्हणाली. तेवढ्यात नसरीन उठली, दाराशी आली आणि उंबऱ्याबाहेर बसलेल्या मला हाताला धरून आत नेलं. कुणाला विचारलं नाही तुझ्या लेकीनं. "अम्मीच्या बांगड्या कमलमौसी काढतील," येवढंच म्हणाली.

मी साबण मागितला. तुझा हात मांडीवर घेतला आणि वडवणीच्या बाजारात बांगड्या भरताना आयुष्यभर तू जे बोललीस ते माझ्या तोंडून आपोआप निघालं. "अंगठा आत घे. हात मऊ सोड." बायका रडायच्या थांबल्या. मेलेल्या बाईला मी हात सोड म्हणत होते. पण खोटं नाही सांगत, एकेक बांगडी सुटत गेली. नसरीननं त्या ओढणीत घेतल्या. नणंदेनं बत्ता खाली ठेवला.

माझा मालक गेला तवा तू हेच केलंतंस. आमच्यातल्या बायका मला पाटावर बसवून दगड शोधत होत्या, आणि तू बाजार अर्धा टाकून आलीस, सगळ्यांच्या मधून वाट काढत. "या मी भरल्यात. मीच काढीन. फोडायच्या न्हाईत," म्हणालीस. माझी चुलतसासू ओरडली, "तू कोण गं मधी? आमच्यातली रीत हाय ही." तू तिच्याकडं बघितलंही नाहीस. साबण लावलास आणि काढल्यास, सगळ्याच्या सगळ्या, धड. तुझ्या त्या दिवसाचं मी परत दिलं असं मला वाटत होतं. पण माझ्यावर तुझं आणखी एक होतं. ते राहिलं.

मातीचं म्हणते मी.

तुला आठवतं, आपण कुठं बोललो ते? तुझ्या आणि माझ्या दाराच्या मधल्या ओट्यावर, बाजार उठल्यावर. तू पाय लांब करून बसलीस, मी तुझ्या टोपल्यातली फुटकी काच वेचत होते. मी म्हणाले, आमच्या लिंगायतांत मेल्यावर माणसाला बसवून पुरतेत, मांडी घालून, हातात लिंग देऊन. तू म्हणालीस, "आमाला निजवतेत." मग एकदम हसायला लागलीस. "कमळे, जिंदगीभर बसलीस का गं तू कदी? मेल्यावर बसवायलेत! बरंय बाई तुमच्यात. निदान तवा तरी उठ म्हणणार न्हाईत, चहा टाक म्हणणार न्हाईत." मी म्हणाले, "आन तू तरी कवा झोपलीस पोटभर?" त्या हसण्यातच ठरलं. जी आधी जाईल तिला दुसरीनं आपल्या हातानं मूठभर माती द्यायची. तू म्हणालीस, "पक्का?" मी म्हणाले, "पक्का." बायका जात नाहीत हे तेव्हा आपल्या दोघींनाही ठाऊक होतं. तुमच्या कब्रस्तानात नाही, आमच्या गावात तर वेशीच्या पुढंही नाही. तरी पक्का म्हणालो. म्हाताऱ्या होऊ तोवर बदलंल असं वाटलं असंल. म्हाताऱ्या झालो. वडवणीला तालुका झाला, मोठा रस्ता झाला, पोरींच्या हातात फोन आले. वेस तिथंच राहिली.

त्या दिवशी तुला आंघोळ घालायला बायका उठल्या तशी मी आपणच बाहेर आले. कुणी जा म्हणलं नव्हतं. ओट्याखाली वाकले आणि आपण बसायचो तिथली मूठभर माती घेतली. तुला उचललं. कलमा म्हणत गडी निघाले आणि मी त्यांच्या मागं चालायला लागले. कोपऱ्यापर्यंत गेले असेन. तुझा सलीम खांदा दुसऱ्याला देऊन मागं आला.

"मौसी, तुमी घरी थांबा. बायका येत न्हाईत कब्रस्तानात."

"मला ठाव हाय रे. मी लांब हुबी राहते. येवढी माती द्यायची हाय."

"मौसी, लोक हायत. आज नक्को."

आज नको म्हणे. मग कधी? तू रोज मरणार होतीस का?

तेवढ्यात माझा महेश आला. जनाज्याला आलता तोही, टोपीच्या जागी रुमाल बांधून. त्यानं माझा दंड धरला. "आई, चल घरी. तमाशा नको. आपल्यातबी बायका जात न्हाईत." दोघांचं कशावर म्हणून जमत नाही, हमीदा. निवडणुकीत एकमेकांच्या गल्लीत पाय टाकत नाहीत, फोनवर काय काय पाठवतेत एकमेकांच्या धर्माचं. त्या दिवशी मात्र दोघं भाऊ एका सुरात बोलले.

भाऊच की. सलीम झाला तवा तुला ताप चढलेला, अंगावर दूध उतरेना, पोरगं निळं पडायलेलं. तुझी सासू त्याला पदरात घेऊन माझ्या दारात उभी राहिली. "पाज बाई, पाज. न्हाई तर जातंय लेकरू." माझा महेश रांगत होता. माझी सासू म्हणाली, "गळ्यात लिंग हाय तुझ्या, त्यांचं पोर पाजतीस?" मी दाराला कडी घालून पाजलं. पंधरवडाभर पाजलं. तू बरी झाल्यावर सांगितलंस, तुमच्या किताबाप्रमाणं आता मी सलीमची दुधाची आई, महेश त्याचा भाऊ, आणि माझी पोरगी त्याची बहीण, तिच्याशी त्याचं लग्नच लागत नाही. म्हणालीस, "झालं बाई, आता मोठेपणी कुनी बोट दाखवायची सोय न्हाई." किती हसलो आपण त्यावर.

मग हमीदा, दूध चाललं ना माझं? ते कोणत्या बाईचं, कोणत्या जातीचं, कुणी विचारलं नाही. माती चालंना. ही गोष्ट मला त्या कोपऱ्यावर उभी असताना सुचली, पण बोलले नाही. तुझं जाणं माझ्या भांडणानं खराब करायचं नव्हतं. घरी आले आणि मूठ उघडली तर घामानं मातीचा गोळा झालेला. पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवला.

आपण किती भांडलो गं. आपल्या भांडणाचं नावच होतं, "तुमच्यात का आमच्यात?" तरुणपणी दोघी आपापल्या धर्माची बाजू घ्यायचो. मी म्हणायची, आमच्यात बाईच्या गळ्यातही लिंग, पुरुषाच्या गळ्यातही तेच. विटाळ नाही, सुतक नाही, बाईबाप्या सारखे. तू म्हणायचीस, आमच्यात लग्नाच्या वेळी पोरीला विचारतेत, कबूल हाय का म्हणून. बापाच्या मिळकतीत पोरीचा हिस्सा लिहून ठेवलाय, तुमचा कायदा तर काल आला. मी मान वर करून बोलायची, तूही. मला शाळा नाही, आमच्या किराणा दुकानात पुड्या बांधायच्या कागदावर अक्षरं शिकले मी. तुला तेवढीही नाही. पण आपापला धर्म सांगायला दोघी वकील.

मग तुझे वडील वारले तलवाड्याला, आणि माझे त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात. तू हक्कसोड करून आलीस. मीही करून आले. दोघींच्या भावांनी जीपमधून नेलं, अंगठा-सही घेतली, हॉटेलात जेवू घातलं आणि साडी दिली. परत आल्यावर तू तुझी साडी दाखवलीस, मी माझी. एकाच दुकानाच्या पिशव्या निघाल्या. त्या दिवशी आपलं भांडण उलटं फिरलं. मी म्हणाले, "आमच्यातच जास्त वाईट बाई. तुमाला किमान देव लिहून देतो." तू म्हणालीस, "हट्, आमच्यातच. लिहिलेलं असूनबी सोडून आले. कबूल हाय का विचारतेत म्हणत होते ना मी? अगं, न्हाई म्हणायची जागाच ठेवलेली नसती त्या सवालात." तेव्हापासून आपण दोघी हरायलाच भांडायला लागलो. आमच्यात वाईट, नाही आमच्यात. मिटलं नाही ते.

तुझ्यापुढं तर सगळ्यांचेच हात यायचे. देशमुखांच्या सुना, वाण्याच्या, मुसलमानांच्या, तांड्यावरच्या बाया दंडापर्यंत बलोई, त्यांच्या पांढऱ्या बांगड्या, घातलेल्या. दिवाळीनंतर ऊसतोडीला जायच्या आधी बायका यायच्या तवा मी मुद्दाम दुकान सुनेवर सोपवून तुझ्याजवळ येऊन बसायची. त्यांचे तळवे कोयत्यानं असे झालेले की काच घासून बारीक आवाज यायचा. तिशीतली बाई, गर्भाची पिशवी काढलेली, महिन्याच्या पाळीपायी कामाची खोटी नको म्हणून. "बरं झालं, कटकट गेली," असं ती तुला सांगायची आणि तू तिच्या हाताकडं बघत राहायचीस.

तू हात बघायचीस. तेच तुझं काम होतं. बांगडी चढवता चढवता मनगट वळवायचीस आणि तिथं काही असलं, निळं, काळं, पिवळं पडत आलेलं, तर बोटानं हळूच दाबून एकच शब्द विचारायचीस. "कोन?" बाकी काही नाही. आणि बाई, कोणत्याही घरची असो, एकच उत्तर द्यायची. "दारात सापडला हात." कधी कडीत, कधी फाटकात, पण दार हे ठरलेलं. मी एकदा चिडून म्हणाले, "वडवणीतल्या दारांना काय रोग झालाय का?" तू हसली नाहीस. म्हणालीस, "दार सगळ्यांच्या घरी असतंय, कमळे. म्हणून बोलतेत." ज्या बाईला तू विचारायचीस ती परत तुझ्याकडंच यायची. कुणीतरी विचारतंय, येवढ्यासाठी यायची. तुला उत्तर कळलेलं असायचं, तिला ठाऊक असायचं की तुला कळलंय. मग ती उठताना वाकून तुला नमस्कार करायची.

आणि त्या वर्षीचं आठव, दुष्काळात पाण्याचे टँकर बंद झालते ते. आपल्या पुढारी भाऊंची पोरं आली तुझ्याकडं, गळ्यात रुमाल टाकून. "मौशी, दोन डझन द्या. सायबाला भरायच्यात, तहसीलात मोर्चा हाय. नामर्दाला बांगड्याच शोभतेत."

तू विचारलंस, "माप काय त्याच्या हाताचं?"

पोरं हसली. "कोणतंबी द्या!"

"कोनतंबी कसं? आना त्याला हितं, भरते की. पन बांगड्या भरनाऱ्या बाया मैलभरावरून पानीबी भरतेत. त्यालाबी हंडा देते डोक्यावर. चालंल? आन तुमच्यातला कोन कोन भरतो पानी, त्याचंबी माप घेते."

एकजण म्हणाला, "मौशी, धंदा करायलीस का भाषण द्यायलीस?"

"धंदाच करायले, बाळा. माझा माल शिवी द्यायला न्हाई."

मग भाऊ स्वतः आले, मागं फोन धरलेला पोरगा. गोड बोलले. "हमीदाबी, रागावू नका. तुमच्या बायकांसाठी आमीच तर बोलतोत. तुमच्यात लई जुलूम हाय हो बायकांवर." फोन तुझ्या तोंडासमोर आला. सगळा बाजार थांबला. तू म्हणालीस, "हौ भाऊ, हाय की. न्हाई कशाला म्हनू? पन तुमच्या वाड्यावर बांगड्या भरायलाबी मीच येते." बस. येवढंच. पोरानं फोन खाली केला. भाऊंच्या कपाळावर घाम आलेला मी माझ्या दुकानातून बघितला.

पुढच्या बाजाराला तुझी जागा गेली. मटणाच्या दुकानापाशी, नालीच्या कडेला बसवलं तुला. आणि तुमच्यातले खूश झाले का? तेही नाही. सलीम घरी येऊन ओरडला, "अम्मी, बाहेरच्यासमोर हौ, हाय कावून म्हनलीस? आपल्यातलं आपल्यात." इकडं महेश मला, "त्या बाईजवळ बसत जाऊ नको, भाऊंना आवडत न्हाई." नालीच्या कडेला बसून तू बांगड्या भरत राहिलीस, नाकाला पदर लावून, आणि मी तुझ्याजवळ बसत राहिले. भाऊंच्या वाड्यावर तू काय बघितलं होतंस हे मी शंभरदा विचारलं. तू सांगितलं नाहीस. "ते हातातलं हाय, तोंडात न्हाई आनायचं," म्हणालीस.

इतकी तू पक्की. म्हणून मला तुझा राग येतो अजून. गेलेल्या माणसाचं चांगलंच बोलावं म्हणतेत, पण तू आणि मी तसं कधी बोललो नाही, आता कशाला सुरू करू?

नसरीन उमापूरहून आली होती, सलीमच्या पोराच्या अकीक्याला, जावळाला. तू तिला बांगड्या भरायला बसवलंस. मी शेजारी. तुझा हात तिच्या मनगटाशी आला आणि थांबला. मलाही दिसलं. पाच बोटं मोजता आली असती, हमीदा. मी वाट बघत होते तुझ्या शब्दाची. तू काहीच विचारलं नाहीस. टोपल्यातून आणखी एक डझन काढलीस आणि चढवलीस. मग आणखी. वळ झाकेपर्यंत भरत गेलीस. शेवटी मीच विचारलं, "कोन गं, नसरीन?" ती तुझ्याकडं बघून म्हणाली, "दारात सापडला, मौसी." आणि तू म्हणालीस, "हौ, सापडला असंल. दे दुसरा हात."

त्या दिवशी आपलं जे भांडण झालं ते "तुमच्यात का आमच्यात" नव्हतं. मी म्हणाले, "गावच्या लेकींना इचारतीस, पोटच्या लेकीला न्हाई?" तू टोपलं बांधत राहिलीस. मग म्हणालीस, "इचारलं आन तिनं सांगितलं तर? मग मला काईतरी करावं लागंल. ठेवू कुटं तिला? सलीमच्या घरात मीच पावनी हाय."

"माझ्या घरी ठेव."

"तुझं घर? कोनतं गं?" असं म्हणून तू हसलीस, आणि ते हसणं मला अजून टोचतं. दुकान महेशच्या नावावर, घर महेशच्या नावावर. नसरीन दुसऱ्या दिवशी मोटारीत बसून उमापूरला गेली, कोपरापर्यंत बांगड्या घालून, नव्या नवरीसारखी. तू आणि मी तो सगळा पावसाळा बोललो नाही. मग एक दिवस तू माझ्या दुकानात येऊन पावशेर साखर मागितलीस, तुझ्या घरात साखर असताना, आणि आपण पुन्हा सुरू झालो. नसरीनचं नाव मात्र आपल्यात परत निघालं नाही. ती येत राहिली, जात राहिली. तू भरत राहिलीस.

आता ऐक. तुझ्या शेवटच्या दिवसांतली एक गोष्ट आहे, जी कालपर्यंत मला आणि तुलाच ठाऊक होती. तू ग्लानीत होतीस. मी उशाशी होते, नसरीन आली आणि तुझ्याजवळ बसली. तू डोळे न उघडता तिचा हात धरलास, मनगट वळवलंस, त्या सुजलेल्या बोटांनी चाचपलंस, दाबलंस. आणि म्हणालीस, "कोन?"

नसरीनला वाटलं, अम्मी ओळखत नाही. ती रडत म्हणाली, "मी, अम्मी. नसरीन."

तू परत विचारलंस, "कोन?" ती परत म्हणाली, "मी हाय ना, नसरीन."

मग तू हात सोडलास. मी तिथं बसले होते, हमीदा, आणि मला कळलं होतं तू काय विचारतीयस. इतक्या वर्षांनी विचारलंस, आणि असा शब्द ठेवलास सवालाला की लेकीला कळलाच नाही.

तिसऱ्या दिवसाची जियारत झाली, पाहुणे पांगले. काल नसरीन माझ्या दारात आली. डोक्यावर पदर, हातात पिशवी, उमापूरची गाडी दुपारची. म्हणाली, "मौसी, चलते क्या? अम्मीकडं?" मी पदराची गाठ चाचपली आणि चप्पल घातली. सुनेला सांगितलं, बाजारातून येते. भर दिवसा, बाजारच्या गर्दीतून गेलो आम्ही. तुझ्या नालीच्या कडेची जागा रिकामीच होती, कुणी बसलं नव्हतं अजून.

वाटेत मी तिला सांगितलं, त्या "कोन?"चं. ती चालता चालता थांबली. रस्त्याच्या मधी उभी राहिली, मागून मोटारसायकलवाला हॉर्न वाजवायला लागला, "ओ मावशी, बाजूला व्हा की!" मी तिला कडेला घेतलं. तिथं ती म्हणाली, "मी तर माझंच नाव सांगितलं, मौसी." आणि पुढं चालायला लागली.

कब्रस्तानाचं फाटक लोखंडी गजांचं, कुलूप लावलेलं. राखण करणारे बाबा आत बाभळीखाली बसलेले. नसरीननं सलाम केला, म्हणाली, "चाचा, माझी माँ हाय तिथं. दोन मिनिटं." ते उठून फाटकापर्यंत आले. वाईट माणूस नव्हता. "बेटी, औरतांना मनाई हाय. माझ्या हातात न्हाई. हितूनच दुवा कर," म्हणाले आणि माझ्या कपाळावरच्या विभूतीकडं बघत राहिले. परत जाऊन बाभळीखाली बसले, आमच्याकडं पाठ करून.

तू दिसत होतीस फाटकातून. नवी माती, वर वाळत चाललेल्या फांद्या. येवढ्याशा अंतरावर. मी गाठ सोडली, माती मुठीत घेतली आणि मूठ गजांमधून घालायला गेले, तर मूठ जाईना. गज जवळजवळ. जोर लावला, तिरकी केली, जाईना. म्हातारपणात माझी हाडं रुंद झालीयत का त्यांनी फाटक असंच बनवलंय, कुणास ठाऊक. मी रडकुंडीला आले. तेवढ्यात नसरीननं माझ्या मुठीतली माती तिच्या तळहातावर घेतली, माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "मौसी, अंगठा आत घ्या. हात मऊ सोडा."

तुझा आवाज, हमीदा. तसाच, अर्धा हुकूम, अर्धी माया. मी अंगठा आत घेतला. हात सोडला. तिनं दाबून दाबून रिकामा हात पलीकडं घातला, आणि मग शेजारच्या फटीतून माती माझ्या तळहातावर ओतली. थोडी तिच्या हातातूनच आत सांडली, बाकीची माझ्या तळहातावर आली. मी बोटं उघडली. वारा नव्हता. तिथंच खाली पडली, फाटकाच्या आत, वीतभर. तुझ्यापर्यंत पोचली नाही. आत पडली, येवढं मी डोळ्यांनी बघितलं.

हात बाहेर काढताना मात्र अडकला. नसरीननं थुंकी लावली, वळवला, मी ओरडले तशी बाबांनी मान वळवून बघितलं आणि परत तिकडं तोंड केलं. निघाला एकदाचा. नसरीनची गाडी चुकायला आली होती. गाडीत चढताना तिनं मला हात केला. बांगड्या तुझ्याच होत्या, माझ्या हातांनी काढलेल्या. मी मुद्दाम तिच्या मनगटाकडं बघितलं. बांगड्यांनी झाकलेलं होतं. विचारलं नाही मी. गाडी सुटली.

घरी आले तर मनगटावर हा वळ. निळा, मधी कातडं सोललेलं. सून भाकऱ्या टाकत होती, तव्यावरून मान वर करून म्हणाली, "अगं बाई, आत्या, हाताला काय झालं?" महेश जेवायला बसलेला, त्यानंही बघितलं.

मी म्हणाले, "दारात सापडला."

आणि सून माझ्याकडं बघतच राहिली, मग महेशकडं, मग परत माझ्याकडं. तिनं भाकरी उलटली. तिला खोटं वाटलं गं. आयुष्यभर तुझ्याजवळ बसून हे वाक्य ऐकलं, कितीतरी बायांच्या तोंडून. त्यातलं खरं म्हणावं असं हे पहिलंच असंल, आणि त्यावरही कुणाचा विश्वास बसला नाही.

तू असतीस तर माझा हात मांडीवर ओढला असतास, वळवला असतास, बोटानं दाबून विचारलं असतंस, "कोन?" आणि या वेळेला, हमीदा, मी नावं सांगितली असती. दोन्हीकडची.